उदरातील दुर्मिळ रोहिणीविस्फार आणि अंतर्गत रक्तस्राव : शवविच्छेदनाच्या मेजापासून प्रतिमानिदानापर्यंतचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास हा विषय आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत अजूनही अभावानेच आढळतो. जेथे तो येतो तेथे प्रामुख्याने साथीच्या रोगांचा इतिहास म्हणून येतो. पटकी, देवी, १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग आणि त्यापाठोपाठ आलेला १८९७ चा साथरोग कायदा यांवर विपुल लेखन झाले आहे. ते स्वाभाविकही आहे. साथ समाजाला हादरवते, शासनाला कायदे करावयास लावते आणि आपल्यामागे दफ्तरे ठेवून जाते. परंतु जो रोग क्वचितच आढळतो, बाहेरून दिसत नाही आणि कित्येकदा मृत्यूनंतरही ओळखला जात नाही, त्याचा इतिहास कोठे शोधावयाचा ? अशा रोगाचे दफ्तर म्हणजे शवविच्छेदनाच्या मोजक्या नोंदी आणि वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली एकेका रुग्णाची हकिकत.

प्रस्तुत निबंधात अशाच एका रोगाचा विचार केला आहे. प्लीहा, यकृत, जठर, आतडी या उदरातील अवयवांना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंती कमकुवत होऊन तेथे फुगा येणे, म्हणजेच रोहिणीविस्फार किंवा ॲन्युरिझम, आणि तो फुटून पोटात रक्तस्राव होणे, असे या रोगाचे स्वरूप आहे. एकूण आढळणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांमध्ये हा विस्फार प्लीहेच्या रोहिणीत, सुमारे २० टक्क्यांमध्ये यकृताच्या रोहिणीत आणि उरलेल्यांमध्ये आंत्रबंधाच्या तसेच इतर शाखांत असतो. वैद्यकीय ग्रंथ याला 'दुर्मिळ' म्हणतात. हा शब्द नेमका कशाचे वर्णन करतो, रोगाच्या प्रमाणाचे की तो पाहण्याच्या साधनांचे, हा या निबंधापुढील प्रश्न आहे.

दिसणारा फुगा आणि न दिसणारा फुगा

रोहिणीविस्फाराची ओळख प्राचीन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने त्याचे वर्णन केले. त्यानंतरच्या काळातील अँटिलस या ग्रीक शल्यविशारदाने विस्फाराच्या वर आणि खाली रोहिणी बांधून मधला फुगा उघडण्याची शस्त्रक्रिया सांगितली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'सिराज ग्रंथी'चे वर्णन येते आणि काही आधुनिक भाष्यकार त्याचा अर्थ ॲन्युरिझम असा लावतात. हा अर्थ मान्य केला, तरी त्यापुढे जाऊन उदरातील खोल रोहिण्यांचे ज्ञानही प्राचीनांना होते असे म्हणण्यास आधार नाही. हातापायाच्या किंवा मानेच्या रोहिणीवरील फुगा डोळ्यांना दिसतो, बोटांना त्याचे स्पंदन लागते. जठराच्या मागे, स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी जाणारी प्लीहेची रोहिणी जिवंत माणसात कोणाच्या बोटाला लागणार ? प्राचीन ग्रंथांत प्रत्येक आधुनिक शोधाचे मूळ शोधण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने आवरलेला बरा.

महारोहिणी हे मुख्य खोड आहे आणि तिच्याबाबत परिस्थिती लवकर बदलली. १५५५ मध्ये आउग्सबुर्ग येथे आंद्रेआस व्हेसेलियसने एका जिवंत रुग्णात महारोहिणीच्या विस्फाराचे निदान केले आणि त्या रुग्णाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात ते खरे ठरले. १८१७ मध्ये लंडनमध्ये ॲस्टली कूपरने उदरातील महारोहिणी बांधण्याचे धाडस केले. रुग्ण दोन दिवसही जगला नाही. १९२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ मातास यांना त्याच शस्त्रक्रियेत यश आले. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल ड्युबॉस्ट यांनी विस्फारलेला भाग काढून त्या जागी मृत व्यक्तीच्या शरीरातील रोहिणी जोडली. या क्रमात एक प्रसिद्ध रुग्णही आहे. १९४८ मध्ये ब्रुकलिन येथे रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या महारोहिणीचा विस्फार सेलोफेनने वेढला, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला तेव्हा आइन्स्टाइन यांनी दुसरी शस्त्रक्रिया नाकारली. खोडाचा इतिहास असा नामवंतांनी भरलेला आहे. फांद्यांच्या इतिहासात रुग्णांची नावे नाहीत आणि शल्यविशारदांचीही थोडीच आहेत.

मेजावरील शोध

१७६१ मध्ये पाडुआ येथील जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी यांचा रोगांच्या शारीरिक स्थानांविषयीचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोग हा शरीरातील द्रवांचा असमतोल असल्याची जुनी कल्पना बाजूस सारून, प्रत्येक रोगाला शरीरात एक ठिकाण असते आणि ते मृत्यूनंतर पाहता येते, असे त्यांनी शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे दाखविले. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १७७० मध्ये, बोसिए या फ्रेंच वैद्याने प्लीहेच्या रोहिणीच्या विस्फाराची पहिली ज्ञात नोंद केली. ही दोन वर्षे एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत हा योगायोग नसावा. मृतदेह उघडून प्रत्येक अवयव क्रमाने तपासण्याची शिस्त रुजल्याशिवाय जठरामागील एका रोहिणीचा फुगा कोणाच्या दृष्टीस पडला नसता.

बोसिए यांच्या नोंदीतील एक तपशील महत्त्वाचा आहे. त्या विस्फाराची भिंत हाडासारखी टणक झाली होती. चुन्याचा थर चढल्याने होणारा हा बदल आहे. कदाचित त्यामुळेच तो मेजावर चटकन हाताला लागला असेल. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी, १८९५ मध्ये लागलेल्या क्ष-किरणांचा वापर रूढ झाल्यावर, हाच चुन्याचा थर छायाचित्रात अंड्याच्या कवचासारख्या वर्तुळाच्या रूपाने दिसू लागला.

एकोणिसाव्या शतकात या मेजावरील नोंदी वाढत गेल्या. १८०९ मध्ये यकृताच्या रोहिणीचा विस्फार नोंदला गेला, १८५१ मध्ये ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणीचा. व्हिएन्नामध्ये कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी आयुष्यभरात हजारो शवविच्छेदने केली. मात्र हे ज्ञान अजून रोग्याच्या उपयोगाचे नव्हते. मिशेल फुको यांनी १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या काळातील वैद्यकीय दृष्टीचा विचार केला आहे. मृत्यूच्या प्रकाशात जीवन पाहणारी ही दृष्टी होती, हे त्यांचे प्रतिपादन आपल्या विषयाला अक्षरशः लागू पडते. फरक इतकाच की, येथे ती दृष्टी मृत्यूकडून जीवनाकडे परत येण्यास फार वेळ लागला.

परत येण्याचा पहिला मार्ग यकृताच्या बाजूने सापडला. यकृताला इजा झाली की रक्त पित्तनलिकेतून आतड्यात उतरू शकते, हे फ्रान्सिस ग्लिसनने १६५४ मध्येच तलवारीचा वार झालेल्या एका तरुणाच्या हकिकतीत नोंदविले होते. १८७१ मध्ये हाइनरिख क्विंके यांनी यकृताच्या रोहिणीच्या विस्फाराचे वर्णन करताना पोटाच्या उजव्या वरच्या भागातील कळ, कावीळ आणि जठरांत्रातून रक्त जाणे ही तीन लक्षणे एकत्र मांडली. लपलेला फुगा आता तीन बाह्य खुणांनी बोलू लागला. पुढे १९०३ मध्ये जर्मनीतील हाल्बरश्टाट येथील हान्स केर यांनी यकृताच्या रोहिणीचा विस्फार शस्त्रक्रियेने बांधून रुग्णास वाचविले. पित्तमार्गातून होणाऱ्या या रक्तस्रावाला 'हिमोबिलिया' हे नाव मात्र १९४८ मध्ये स्वीडनच्या फिलिप सँडब्लोम यांनी दिले. क्विंके यांच्या तीन लक्षणांनंतर नाव मिळावयास ७७ वर्षे लागली, हे येथे नमूद करावेसे वाटते.

अज्ञानाला दिलेले नाव

प्लीहेच्या रोहिणीला अशा खुणा नव्हत्या. ती फुटेपर्यंत रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही. फुटल्यावर पोटात अकस्मात तीव्र वेदना होतात, कधी डाव्या खांद्यात कळ येते (हे लक्षणही हान्स केर यांच्याच नावाने ओळखले जाते), नाडी जलद होते आणि रुग्ण पांढरा पडून कोसळतो. बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही.

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बार्बर यांनी प्रसूतीच्या वेळी पोटात आपोआप रक्तस्राव झालेल्या एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. पुढील दोन दशकांत अशा आणखी काही हकिकती आल्या आणि १९३१ मध्ये ग्रीन आणि पॉवर्स यांनी या अवस्थेला 'उदरातील अपोप्लेक्सी' असे नाव दिले. अपोप्लेक्सी हा जुना शब्द मेंदूतील रक्तस्रावाने अचानक कोसळण्यासाठी वापरला जात असे. जसे मेंदूत तसे पोटात, अशी ही तुलना होती. प्रस्तुत लेखकास हे नाव फार बोलके वाटते. ते कारणाचे नाव नाही; रुग्ण कसा कोसळतो याचे चित्र आहे. रक्त कोठून आले हे न कळल्याची कबुलीच त्या नावात दडलेली आहे. पुढे रोहिणीचित्रणामुळे एकेका रुग्णात फुटलेली रोहिणी नेमकी दाखविता येऊ लागली, तसतसा हा शब्द ग्रंथांतून मागे पडत गेला. एखाद्या निदानाचे क्षेत्र आक्रसत जाणे हीदेखील ज्ञानाच्या वाढीची खूण असते. परंतु वैद्यकाच्या इतिहासात अशा मावळलेल्या नावांकडे फारसे कोणी वळून पाहत नाही.

याच सुमारास, १९३० मध्ये, ब्रॉकमन यांनी प्लीहेच्या रोहिणीच्या बाबतीत एक चमत्कारिक घटनाक्रम स्पष्ट केला. जठराच्या मागे उदरपटलाची एक छोटी पिशवी असते. तिला लघुकोश म्हणतात. विस्फार फुटला की रक्त प्रथम या पिशवीत साठते, पिशवी भरली की तिच्या दाबानेच रक्तस्राव काही काळ थांबतो आणि रुग्ण सावरल्यासारखा वाटतो. या पिशवीला मुख्य उदरपोकळीत उघडणारे एक लहान छिद्र आहे. पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या विन्स्लो या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाने १७३२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनी, रक्त या छिद्रातून पोटभर पसरते आणि रुग्ण दुसऱ्यांदा कोसळतो. याला 'दुहेरी फूट' म्हटले जाते आणि सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत ती आढळते. दोन फुटींमधला हा काळ म्हणजे वैद्याला मिळालेली एकमेव सवड. शरीररचनेच्या जुन्या ग्रंथातील एक छिद्र दोन शतकांनी जीवनमरणाच्या प्रश्नाशी असे जोडले गेले. परंतु सावरलेल्या रुग्णाला अपचन झाले असेल असे समजून घरी पाठविले तर ती सवड वाया जाते, आणि ज्या काळात प्रतिमानिदान नव्हते त्या काळात तसे होणे अटळच होते.

गर्भवती स्त्रिया आणि 'दुर्मिळ' या शब्दाचा अर्थ

या इतिहासातील सर्वांत गंभीर बाब येथे येते. प्लीहेच्या रोहिणीचा विस्फार हा स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे चौपट आढळतो आणि तो फुटण्याचा धोका गरोदरपणात, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, वाढतो. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे रोहिणीच्या भिंतीतील लवचीक तंतू सैल होतात. त्याच वेळी शरीरातील रक्ताचे आकारमान आणि प्लीहेकडे जाणारा प्रवाह दोन्ही वाढतात. १९७४ मध्ये मिशिगन विद्यापीठातील स्टॅनली आणि फ्राय यांनी आपल्या रुग्णांच्या अभ्यासातून दाखविले की, या स्त्रियांपैकी अनेकींची अनेक बाळंतपणे झालेली होती. प्रत्येक गरोदरपणात भिंतीचे थोडे नुकसान होते आणि ते साचत जाते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

गरोदरपणात विस्फार फुटल्यास मातेच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ७० ते ७५ टक्के आणि गर्भाच्या मृत्यूचे ९० टक्क्यांहून अधिक, असे आकडे प्रसिद्ध आढाव्यांमध्ये वारंवार दिले जातात. इतिहासाच्या शिस्तीने पाहता या आकड्यांचे उगम एकत्र केलेल्या तुटक हकिकतींत आहेत. कोणती हकिकत छापली जाते यावर ते अवलंबून असतात. तरीही आकडा थोडा इकडेतिकडे झाल्याने त्यातील भीषणता कमी होत नाही.

प्रसूतिगृहात गरोदर स्त्री अकस्मात पांढरी पडून कोसळली तर वैद्याच्या मनात प्रथम गर्भाशय फुटणे किंवा वार अकाली सुटणे हीच कारणे येतात, कारण तीच अधिक संभवनीय असतात. शस्त्रक्रियेने पोट उघडले गेले नाही आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनही झाले नाही, तर जठरामागील रोहिणीकडे कोणाचे लक्ष जाणार ? १७७० पासूनच्या दोन शतकांत बाळंतपणात मृत्यू पावलेल्या असंख्य स्त्रियांपैकी किती जणींचे मरण 'बाळंतपणात गेली' या दोन शब्दांत मिटून गेले असेल, याची मोजदाद आता कोणालाही करता येणार नाही.

येथे एक अभ्यास मुद्दाम सांगावयास हवा. सर्वसाधारण शवविच्छेदनांत प्लीहेच्या रोहिणीचा विस्फार अर्धा टक्काही सापडत नाही. परंतु १९६० मध्ये इंग्लंडमधील बेडफर्ड आणि लॉज यांनी वृद्ध व्यक्तींच्या शवविच्छेदनांत ही रोहिणी मुद्दाम लक्ष देऊन तपासली, तेव्हा त्यांना १०.४ टक्के व्यक्तींत विस्फार आढळला. हे विस्फार बहुतेक लहान होते आणि त्या व्यक्तींचे मृत्यू अन्य कारणांनी झाले होते. म्हणून हा आकडा रोगाच्या घातकतेविषयी काही सांगत नाही. परंतु तो 'दुर्मिळ' या विशेषणाविषयी बरेच सांगतो. मुद्दाम शोधले तर दहात एक, न शोधले तर जवळजवळ शून्य. दुर्मिळतेचा आकडा रोगाइतकाच पाहणाऱ्याच्या पद्धतीचाही असतो, हे यावरून ध्यानात येते. साथीच्या रोगांच्या मृत्युसंख्येची चिकित्सा आपण दफ्तरे कोणी व कशी लिहिली हे पाहून करतो. दुर्मिळ रोगांनाही तीच कसोटी लावण्यास प्रत्यवाय नसावा.

प्रतिमेचा काळ

१९२० मध्ये होग्लर यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच प्लीहेच्या रोहिणीच्या विस्फाराचे निदान केल्याची नोंद आहे. तोवर हे निदान सुरीनंतरच होत असे. १९२९ मध्ये लिस्बनमध्ये रेनाल्दो दोस सांतोस यांनी महारोहिणीत रंजकद्रव्य सोडून तिचे क्ष-किरण चित्र घेतले. १९५३ मध्ये स्टॉकहोममध्ये स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि नळी यांच्या साध्या युक्तीने रोहिणीत सुरक्षितपणे शिरण्याचा मार्ग दाखविला. त्याच १९५३ मध्ये मायकेल डीबेकी आणि डेंटन कूली यांनी ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणीचा जंतुसंसर्गाने झालेला विस्फार यशस्वीपणे काढल्याचे प्रसिद्ध केले.  आज रुग्णाला वाचविणारी वाट या दोन घटनांपैकी पहिलीतून निघाली आहे.

कारण सेल्डिंगर यांच्या वाटेने रोहिणीत गेलेली नळी केवळ चित्र काढून थांबली नाही. १९७० च्या दशकात याच नळीतून रक्तस्राव करणारी रोहिणी आतून बंद करण्याची पद्धत आली, आणि १९७५ मध्ये चेझारे जानतुर्को यांनी त्यासाठी धातूची वेटोळी वापरात आणली. स्वादुपिंडदाहात पाचक रसांनी कुरतडलेल्या रोहिणीतून होणारा रक्तस्राव पूर्वी शल्यविशारदाला दाह झालेल्या, सुजलेल्या ऊतींत हात घालून थांबवावा लागे. आता अनेकदा तो जांघेतील एका टोचणीतून थांबविता येतो.

१९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. या यंत्राने रोगाचा अर्थच बदलला. किडनीच्या खड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी काढलेल्या चित्रात अचानक प्लीहेच्या रोहिणीवर फुगा दिसू लागला. कालपर्यंत जो रोग मृत्यूनंतर कळत असे तो आता लक्षणे नसलेल्या, चालत्याबोलत्या माणसात कळू लागला. आणि मग नवा प्रश्न उभा राहिला : सर्वच फुग्यांवर उपचार करावयाचे काय ? अमेरिकेतील रक्तवाहिनी-शल्यविशारदांच्या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्लीहेच्या रोहिणीतील न फुटलेला, लक्षणे नसलेला विस्फार ३ सेंटिमीटरहून मोठा असल्यास उपचार करावेत. परंतु मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रीमध्ये आकार कितीही असो, उपचार करावेत. आकड्यांच्या या नियमात स्त्रियांसाठीचा हा अपवाद सहज वाचून पुढे जाण्यासारखा आहे. त्याच्यामागे गेल्या दीड शतकात एकेक करून नोंदल्या गेलेल्या मातांच्या मृत्यूंची रांग आहे.

आपल्याकडील नोंदींचा प्रश्न

भारताच्या संदर्भात हा विषय दोन कारणांनी परका नाही. पहिले, प्रवेशिका नीलेतील, म्हणजे आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेतील उच्चदाब हे प्लीहेच्या रोहिणीच्या विस्फाराचे एक मान्य कारण आहे, आणि यकृताचा सिरोसिस नसतानाही असा उच्चदाब होणाऱ्या रुग्णांचे भारतीय वैद्यकीय साहित्यात विस्तृत वर्णन आहे. दुसरे कारण नोंदींचे आहे. २००१ ते २००३ या काळातील नमुना नोंदणी पाहणीत मातामृत्यूंपैकी ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावाने झाल्याचे आढळले होते. २०१० मध्ये केंद्र शासनाने मातामृत्यू परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांनुसार रुग्णालयातील मृत्यूंची तेथेच, आणि गावपातळीवरील मृत्यूंची नातेवाइकांच्या मुलाखतीतून चौकशी केली जाते. या दुसऱ्या पद्धतीला तोंडी शवविच्छेदन असे म्हणतात.

या पद्धतीचे मोल मोठे आहे. वाहन वेळेवर मिळाले का, रक्त उपलब्ध होते का, रुग्णालयाने पुढे पाठविण्यात किती वेळ घालविला, हे प्रश्न तिच्यामुळे नोंदीत आले. पण ती नातेवाइकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर उभी आहे. अंगावरून किती रक्त गेले हे सासू किंवा नवरा सांगू शकतो. अंगावरून काहीच गेले नाही, आदल्या दिवशी पोटात कळ येऊन थांबली होती, दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो म्हणाली आणि कोसळली, हे कोणी सांगितलेच तर ती हकिकत रक्तस्रावाच्या रकान्यात जाण्याऐवजी 'इतर' किंवा 'कारण अज्ञात' या रकान्यात जाण्याची शक्यता अधिक. त्या रकान्यांतील मूळ मुलाखती जिल्हा पातळीवर जपून ठेवल्या गेल्या तर वैद्यकाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांना त्या एकत्र बसून पुन्हा वाचता येतील.